अदिस अबाबातील सोळा तास

मुलीचे बाळंतपण आटोपून जोहान्सबर्गहून परत निघाले, तेव्हा तिकिटावरील एका ओळीने मला जरा अस्वस्थच केले होते. अदिस अबाबा येथे विमान बदलायचे आणि मध्ये सोळा तास थांबायचे. सकाळी सव्वासहाला उतरणे आणि रात्री साडेदहाला मुंबईचे विमान. जावयाने अधिक पैसे भरून दुसरे तिकीट काढण्याची तयारी दाखवली. मी नको म्हटले. सत्तावीस वर्षे कराडजवळच्या दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ बसलेल्या बाईला एक अख्खा दिवस कोणी 'पुढचा पेशंट' न म्हणता मिळणार होता. तो मी सोडणार नव्हते.

मात्र विमानतळाबाहेर पडायचे की आतच बसून राहायचे, हा निर्णय मी कराडहून निघण्यापूर्वीच, दोन महिने आधी घेतला होता. कारण तो निर्णय ऐन वेळी घेता येत नाही. इथिओपिया हा पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांपैकी एक आहे. आपल्याकडे हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडीस डास मुबलक आहे. म्हणून अशा देशांतून येणाऱ्या प्रवाशांबाबत आपले सरकार अत्यंत काटेकोर असते. लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. केवळ विमान बदलण्यापुरते थांबलेल्या आणि संपूर्ण वेळ विमानतळाच्या आवारातच राहिलेल्या प्रवाशांना सूट मिळते, तीही तेथील आरोग्य अधिकाऱ्याची खात्री पटली तर. म्हणजे शहरात फेरफटका मारायचा असेल, तर पिवळे पुस्तक हवेच. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. मी पुण्याला जाऊन लस घेतली, ई-व्हिसा काढला आणि पिवळे पुस्तक पासपोर्टला रबरबँडने बांधून ठेवले.

अदिसच्या बोले विमानतळावर उतरल्यावर संक्रमण कक्षात सांगलीकडचे एक काका-काकू भेटले. आमच्याच विमानातून आले होते, मुलाकडे चार महिने राहून परत निघाले होते. काकांचे वय अडुसष्ट. माझ्या हातातील मराठी पुस्तक पाहून काकूंनीच बोलायला सुरुवात केली. मी बाहेर जाणार आहे हे कळताच काका उत्साहाने उठले. "चला की, आम्हीही येतो. सोळा तास इथं बसून काय करायचं?"

"काका, पिवळ्या तापाची लस घेतलीये?"

घेतली नव्हती. साठीनंतर ही लस प्रथमच देताना क्वचित, पण गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. म्हणून केंद्रावरील डॉक्टरांनी त्यांना परावृत्त केले होते, आणि ते योग्यच होते. मी त्यांना स्पष्ट सांगितले, की तुम्ही दोघांनी या इमारतीबाहेर पाऊल टाकू नका. आणि एका जागी बसूनही राहू नका, दर तासाला उठून चाला. काकूंनी पिशवीतून क्रोशाचे काम काढले. काका माझ्याकडे, वर्गातून बाहेर काढलेल्या मुलाने पाहावे तसे पाहत राहिले. मला अपराधी वाटले, हे कबूल करते.

बाहेर पडताच थंड वारा अंगावर आला. आफ्रिका म्हणजे उकाडा, ही आपली समजूत अदिसमध्ये पहिल्या पाच मिनिटांत मोडते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर वसलेले आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी अर्धे कळसूबाई चढवल्यासारखे नव्हे, पण त्याच्या जवळपास जाणारे. या उंचीमुळेच शहरात मलेरियाचा धोका जवळजवळ नाही. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. विमान उडत असताना केबिनमधील हवेचा दाब जमिनीवरच्याइतका कधीच नसतो. तो जास्तीत जास्त सुमारे २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका विरळ होऊ दिला जातो. म्हणजे अदिसला उतरणारा प्रवासी एका विरळ हवेतून दुसऱ्या तितक्याच विरळ हवेत पाऊल टाकतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुनाट विकार असलेल्यांनी आणि रक्तातील हिमोग्लोबिन फारच कमी असलेल्यांनी हे लक्षात घेऊन मगच शहर फिरण्याचे बेत करावेत. मला स्वतःला हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याने जाताना धाप लागली. शहराच्या उत्तरेकडील एंतोतोचा डोंगर तर तीन हजार मीटरहून उंच. तिकडे जाण्याचा मोह मी तेथेच टाळला.

विमानकंपनीने दिलेल्या हॉटेलात मी पहिले काम केले ते झोपण्याचे. दोनच तास, पाय उशीवर उंच ठेवून. लांबच्या थांब्यात लोक उतरल्याबरोबर पळापळ सुरू करतात आणि दुपारी तीनला कोसळतात. सकाळचे दोन तास गेले तर काही बिघडत नाही.

दहा वाजता हॉटेलने ठरवून दिलेला टॅक्सीवाला आला. तिशीचा, सडपातळ, उत्तम इंग्रजी बोलणारा. मी भारतीय आहे हे कळल्यावर म्हणाला, माझ्या वडिलांना गणित भारतीय मास्तरांनी शिकवले. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. सम्राट हैले सेलासी यांच्या काळापासून आपल्याकडील हजारो शिक्षक तेथील शाळांत शिकवायला गेले होते. पण प्रत्यक्ष एका मुलाच्या तोंडून ऐकताना त्याला वेगळा अर्थ आला. त्याच्या वडिलांना ते मास्तर अजून आठवतात, विशेषतः त्यांची छडी.

राष्ट्रीय संग्रहालयाच्या दारात मला सोडून तो म्हणाला, "मी बरोबर सात वाजता न्यायला येतो."

मी दचकले. साडेदहा वाजलेत आणि हा संध्याकाळी सातला येणार? साडेसातला तर मला विमानतळावर हजर व्हायचे. माझा चेहरा पाहून तो हसू लागला. मग त्याने समजावून दिले. इथिओपियात दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्योदयाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला. आपला दुपारचा एक म्हणजे त्यांचे सात. विचार केला तर यात चमत्कारिक काहीच नाही. आपल्या पंचांगातही घटका सूर्योदयापासूनच मोजतात. त्यांचे वर्षही आपल्या भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरपेक्षा सात-आठ वर्षे मागे चालते आणि त्याला तेरा महिने असतात. तेरावा महिना अवघ्या पाच किंवा सहा दिवसांचा. तेव्हा अदिसमध्ये कोणाशीही वेळ ठरवताना 'तुमच्या घड्याळाने की माझ्या?' असे विचारून घ्यावे. मधुमेही प्रवाशांनी तर हे पक्के ध्यानात ठेवावे. अदिसचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे आणि वर स्थानिक मोजणी ही अशी. माझा सल्ला असा, की एवढ्या छोट्या थांब्यात इन्सुलिन किंवा गोळ्यांची वेळ भारतीय वेळेनुसारच चालू ठेवावी, त्यासाठी एक मनगटी घड्याळ भारताच्या वेळेवर लावून ठेवावे, आणि औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत असावीत. मोठ्या बॅगा थेट मुंबईला गेलेल्या असतात.

संग्रहालयाच्या तळघरात ती आहे. जगभर तिला 'ल्युसी' म्हणतात. २४ नोव्हेंबर १९७४ रोजी इथिओपियातील हडार या ओसाड भागात डोनाल्ड जोहान्सन यांना तिची हाडे सापडली. त्या रात्री तंबूत बीटल्सचे एक गाणे वाजत होते, त्यावरून ते नाव पडले. इथिओपियाचे लोक मात्र तिला 'दिन्किनेश' म्हणतात. याचा अर्थ, 'तू विलक्षण आहेस'. मला हे नाव अधिक आवडले. ती सुमारे बत्तीस लाख वर्षांपूर्वी जगली. उंची जेमतेम साडेतीन फूट. सांगाड्याचा सुमारे ४० टक्के भाग मिळाला. काचेच्या पेटीत जे दिसते ती प्रतिकृती असते. मूळ हाडे सहसा कुलपात सुरक्षित ठेवतात. तरीही मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले.

एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी हाडांची पेटी उशाशी घेऊन झोपलेल्या माणसाला अशा ठिकाणी काय दिसते, ते सांगते. कवटीकडे लक्ष जात नाही. कटिबंधाकडे आणि मांडीच्या हाडाकडे जाते. कवटी लहान, चिंपांझीच्या मेंदूपेक्षा फार मोठा मेंदू तीत मावला नसता. पण कटिबंध रुंद आणि बसका आहे, आणि मांडीचे हाड गुडघ्याकडे येताना आतल्या बाजूस कलते. हा कल चारी पायांवर चालणाऱ्यांत नसतो. तो आपल्यात असतो, कारण चालताना एका पायावर तोल सावरायचा तर गुडघा शरीराच्या मध्यरेषेखाली यावा लागतो. म्हणजे बुद्धी वाढण्याच्या कितीतरी आधी ही बाई दोन पायांवर ताठ चालत होती. २०१६ साली जॉन कॅपलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या खांद्याजवळील हाडाच्या तुकड्यांवरून असे मांडले, की ती झाडावरून पडून मेली असावी. उंचावरून पडलेला माणूस हात पुढे टेकतो तेव्हा असाच अस्थिभंग होतो. स्वतः जोहान्सन यांना ते पटलेले नाही. मृत्यूनंतर हाडे अशीही मोडतात, असे त्यांचे म्हणणे. बत्तीस लाख वर्षांनंतर मृत्यूचे कारण ठरवण्यासाठी चाललेला हा वाद वाचून मला हसू आले होते. प्रत्यक्ष पेटीसमोर ते आले नाही.

कारण मला दुसऱ्याच एका मृत्यूचे कारण आठवले. तेथे वाद नव्हता.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ, माझ्या दवाखान्यात नेहमी येणाऱ्या कुटुंबातले, अमेरिकेहून परत आले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. डाव्या पोटरीत दुखत होते. म्हणाले, बॅगा उचलताना पाय मुरगळला असावा. बाहेर तीस माणसे खोळंबली होती. मी पोटरी दाबून पाहिली, जरा ताठर वाटली. वेदनाशामक गोळ्या दिल्या, शेकायला सांगितले, दोन दिवस विश्रांती घ्या म्हटले. पाचव्या दिवशी पहाटे स्नानगृहात त्यांना एकाएकी धाप लागली आणि रुग्णालयात नेईपर्यंत ते गेले. पोटरीतील शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, ती सुटून फुप्फुसात अडकली.

मी त्यांची दुसरी पोटरी पाहिलीच नव्हती. दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायला अर्धे मिनिट लागते.

त्यांच्या पत्नी आजही माझ्याकडेच येतात. रक्तदाबाच्या गोळ्या नेतात, मुलाच्या नोकरीबद्दल सांगतात. त्यांनी मला कधी काही विचारले नाही. मी पहिली चार वर्षे काही सांगितले नाही. मग एके दिवशी, दवाखाना बंद करण्याच्या वेळी, सांगितले, की त्या दिवशी मी टेप लावायला हवी होती, फरक दिसला असता तर त्याच रात्री सोनोग्राफीला पाठवले असते. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, मला वाटत होतंच." आणि पुढच्या महिन्यात नेहमीप्रमाणे गोळ्या न्यायला आल्या. मला क्षमा झाली की नाही, हे मला आजतागायत समजलेले नाही.

माणूस दोन पायांवर उभा राहिला, तेव्हा त्याने जी सोय गमावली ती ही. पावलांतले रक्त आता चारसाडेचार फूट सरळ वर चढवायचे आले. हृदय ते खाली ढकलते, पण वर ओढून घेत नाही. ते काम पोटरीचे स्नायू करतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा ते आवळतात, आतील शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकते, आणि शिरांमधील झडपा त्याला पुन्हा खाली येऊ देत नाहीत. म्हणूनच पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. आता हेच दुसरे हृदय विमानाच्या अरुंद खुर्चीत गुडघे दुमडून आठ-आठ तास बंद ठेवले, तर काय होणार? जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ न हलता प्रवास केल्यास गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. मग ते विमान असो, रेल्वे असो की मुंबई-कोल्हापूर बस. निरोगी माणसात हा धोका तरीही लहानच, सुमारे सहा हजारांत एक. पण पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोग असेल, गर्भारपण किंवा नुकतेच बाळंतपण असेल, संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील, वजन फार असेल, तर तो वाढत जातो. अनेक जण प्रवासाला निघताना स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेतात. त्याचा यावर भरवसा धरू नये. ज्यांना धोका अधिक, त्यांनी गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे आणि गरज पडल्यास रक्त पातळ करणारे औषध, याबद्दल आपल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारावे.

शेजारच्या पेटीत 'सेलाम' आहे, २००० साली झेरेसेनाय अलेमसेगेद यांना सापडलेले, तेहतीस लाख वर्षांपूर्वीचे तीनेक वर्षांचे बालक. ल्युसीहून जुने असूनही लोक त्याला गमतीने ल्युसीचे बाळ म्हणतात. नुकतीच नात झालेल्या बाईने ते फार वेळ पाहू नये. मी वर आले.

त्यांच्या सात वाजता, म्हणजे आपल्या एक वाजता, टॅक्सीवाला दारात उभा होता.

तो दिवस बुधवार होता, हे माझे भाग्य. तेथील सनातनी ख्रिस्ती मंडळी बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, लोणी, अंडी काहीही खात नाहीत. म्हणून त्या दिवशी कोणत्याही साध्या खानावळीत 'उपवासाचे' मागितले, की निव्वळ शाकाहारी ताट समोर येते. आपल्या साबुदाण्याच्या उपवासाशी तुलना करण्याचा मोह मला झाला. एक डॉक्टर म्हणून ती तुलना आपल्याला फारशी अनुकूल नाही. मोठ्या परातीएवढ्या ताटावर इंजेरा पसरलेला. ही टेफ नावाच्या, खसखशीएवढ्या बारीक धान्याच्या पिठाची, काही दिवस आंबवलेली, सच्छिद्र, मऊ पोळी. आपल्या आंबोळीची थोरली बहीण म्हणावी अशी, फक्त आंबटपणा अधिक. टेफमध्ये ग्लुटेन नसते, तंतू भरपूर असतात. इंजेऱ्यावर मसुराची तिखट आमटी, बीट, कोबी-गाजराची भाजी, हिरव्या पालेभाज्या आणि मधोमध 'शिरो'. तो तोंडात घातला आणि मी हात थांबवला. हरभऱ्याच्या पिठाचा, लसूण-कांद्याचा आणि लाल मसाल्याचा तो शिरो म्हणजे पिठलेच होते. दीड महिना मुलीच्या घरी पथ्याचे रांधून कंटाळलेल्या मला परक्या शहरात पिठले मिळाले. टॅक्सीवाल्याला मी जेवायला बसवले होते. त्याने इंजेऱ्याच्या तुकड्यात शिरो गुंडाळून घास माझ्यापुढे धरला. या घासाला 'गुर्शा' म्हणतात. तो नाकारायचा नसतो. स्वच्छतेवर व्याख्याने देणाऱ्या बाईने तो घास निमूटपणे घेतला. माझ्यासमोर त्याने साबणाने हात धुतले होते, एवढे मी पाहून ठेवले होते. कच्ची कोशिंबीर मात्र मी शिवले नाही आणि पाणी बंद बाटलीतलेच प्याले.

मग कॉफी. कॉफीचे रोप मूळ इथिओपियातले आणि तेथे ती घाईने पिण्याची वस्तू नाही. जमिनीवर हिरवे गवत पसरलेले, एक तरुणी बुटक्या चौरंगावर बसून हिरव्या बिया धुते, लोखंडी तव्यावर भाजते, धुराचा तवा प्रत्येकाच्या नाकासमोरून फिरवते, मग कुटते आणि 'जेबेना' नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळते. शेजारी धूप जळत असतो, वाडग्यात मक्याच्या लाह्या असतात. एकाच पुडीवर तीन वेळा पाणी घालून तीन फेऱ्या होतात. पहिली सर्वांत कडक, तिसरी सर्वांत सौम्य, तिला 'बरका', म्हणजे आशीर्वाद म्हणतात. तिसऱ्या फेरीआधी उठणे असभ्य. मी तिन्ही घेतल्या. पावणेचार वाजले होते, रात्री विमानात झोप लागणार नाही हे कळत होते. तरी घेतल्या. या सगळ्याला दीड तास लागला, आणि त्या दीड तासात मी एकदाही फोन पाहिला नाही, हे नंतर लक्षात आले.

वाटेत मेस्केल चौकात उतरून पायऱ्यापायऱ्यांच्या त्या विस्तीर्ण मैदानाभोवती वीस मिनिटे चालले. तरुण मुले-मुली पळत होती. १९६० साली रोमला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकणारा अबेबे बिकिला याच देशाचा. विरळ हवेत सराव केल्याने रक्तातील तांबड्या पेशी वाढतात आणि सखल मैदानात त्याचा लाभ होतो, हे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. मी तिथे चालता चालता त्याची फक्त उलटी बाजू अनुभवली.

साडेसातला विमानतळावर पोहोचले. तपासण्या आटोपून आत आले तो काका-काकू सकाळी सोडले तेथेच, त्याच खुर्च्यांवर. काकूंचे क्रोशाचे काम वीतभर वाढले होते. काका डावा पाय समोरच्या बॅगेवर ठेवून बसले होते.

"डॉक्टर, पोटरी धरलीये बघा. दुपारपासून."

मी विचारले, किती वेळा चाललात? काका म्हणाले, एकदा. स्वच्छतागृहापर्यंत.

माझ्या तोंडचे पाणी पळाले, हे वर्णन नाही; खरोखरच तोंड कोरडे पडले. काकूंच्या पिशवीकडे पाहून मी विचारले, "टेप आहे का हो तुमच्याकडे?" होती. बाळाच्या झबल्याचे माप घ्यायला ठेवलेली, पिवळी, गुंडाळलेली. दवाखान्याच्या टेबलाच्या खणात त्या दिवसानंतर कायम टेप असते. प्रवासात मी ती घेतली नव्हती.

काकांची विजार गुडघ्यापर्यंत वर केली. गुडघ्याखाली जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पायांचा घेर मोजायचा; तीन सेंटिमीटरहून अधिक फरक असेल, तर गंभीरपणे घ्यायचे. उजवी, चौतीस. डावी, साडेचौतीस. मी पुन्हा मोजले. तेच. सूज होती, पण दोन्ही घोट्यांवर सारखी. बोटाने दाबले की खळगा पडत होता. लाली नव्हती, ऊब नव्हती, शिरेच्या मार्गावर दाबल्यावर दुखत नव्हते. रक्तदाबासाठी कोणती गोळी घेता, हे विचारले. ॲम्लोडिपिन, दहा मिलिग्रॅम. ती गोळी आणि चौदा तास लोंबते पाय, एवढे दोन्ही घोटे सुजायला पुरेसे होते. पोटरी बहुधा पाणी कमी प्यायल्याने आवळली होती. स्वच्छतागृहाला उठावे लागू नये म्हणून काका दिवसभर पाणीच प्यायले नव्हते.

पण टेपने निदान पूर्ण होत नाही, संशय फक्त कमी होतो. काकांना घेऊन मी विमानतळावरील वैद्यकीय कक्षात गेले. तेथील तरुण डॉक्टर मुलीने पुन्हा सर्व तपासले, ऑक्सिजन व नाडी पाहिली, आणि माझ्याच निष्कर्षाला आली. आम्ही दोघींनी काकांना सांगितले, की धाप, छातीत दुखणे किंवा एकाच पायाची सूज यांपैकी काहीही झाले तर लगेच सांगायचे, संकोच करायचा नाही; आणि सांगलीला पोहोचल्यावर पायाची डॉपलर सोनोग्राफी करून घ्यायची. मग मी काकांना घेऊन त्या लांबलचक कक्षात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागले. विमानाचे दार उघडेपर्यंत आम्ही चाललो. ते मला त्यांच्या द्राक्षबागेबद्दल सांगत होते. मी ऐकत होते आणि त्यांच्या श्वासाकडे लक्ष ठेवून होते.

विमानात त्यांना कडेची जागा मिळवून दिली. तीन कप कॉफीमुळे मला झोप नव्हतीच. दर तासाला त्यांना उठवण्याचे काम आपोआप झाले.

मुंबईला आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलापाशी माझे पिवळे पुस्तक पाहून मला सोडले. काकांना मात्र अधिकाऱ्याने विचारले, अदिसमध्ये बाहेर गेला होतात का? काका म्हणाले, "कुठलं जाताय! या बाईंनी आतल्या आतच चालवून चालवून मारलं."

आठवड्याने काकूंचा फोन आला. डॉपलर चांगली आली होती, गोळी बदलली होती, सूज उतरली होती. मग मी संकोचाने सांगितले, की त्यांची पिवळी टेप माझ्याच पर्समध्ये राहिली आहे, उद्या कुरिअरने पाठवते. काकू म्हणाल्या, "राहू दे तुमच्याकडं. झबलं झालंय विणून."